खाटेपासून खाटेपर्यंत
साथींचे कोकण : लेखांक पाचवा

मागच्या लेखात आपण लेप्टोस्पायरोसिसचा माग शेताच्या बांधापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत काढला. आज दाराच्या आत जायचे आहे. भातलावणीच्या दिवसांत पायाच्या चिरेतून शिरलेल्या जंतूने ज्याची मूत्रपिंडे बंद पडली, अशा रुग्णाला आयसीयूत घेतले की डायलिसिससाठी त्याच्या मानेत किंवा जांघेत जाड नळी जाते. फुप्फुसांत रक्तस्राव होत असेल तर श्वासनलिकेत दुसरी जाते, लघवीसाठी तिसरी. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लेप्टोवर चांगले चालते. ताप उतरतो, लघवी सुरू होते, नातेवाईकांच्या चेहऱ्यावर हसू येते. आणि सातव्या-आठव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप भरतो. या वेळी रक्ताच्या कल्चरचा अहवाल येतो त्यात नाव असते अ‍ॅसिनेटोबॅक्टरचे किंवा क्लेबसिएलाचे. हा जंतू शेतातून आलेला नसतो. तो शेजारच्या खाटेवरून आलेला असू शकतो.

साथ म्हटली की आपली नजर बाहेर वळते: नदीकडे, डासांकडे, मुंबईहून येणाऱ्या गाड्यांकडे. पावसाळ्यात कोकणातले आयसीयू ज्या आजारांनी भरतात, ते लेप्टो, डेंगी आणि मलेरिया यांपैकी एकही सहसा या खाटेवरून त्या खाटेवर जात नाही. तरीही त्यांच्यामुळे खाटा भरतात, एका परिचारिकेच्या वाट्याला जास्त रुग्ण येतात आणि मग वेगळीच साथ आतल्या आत मूळ धरते. माझे म्हणणे असे की आयसीयूतली साथ बहुतेक वेळा आयसीयूतच घडते, आणि ती अधिक जबर औषधाने आटोक्यात येत नाही. ती मोजणीने लक्षात येते आणि पुरेशा हातांनी थांबते. हे मान्य केले, तर रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात पैसा आधी कुठे घालायचा याचा क्रम बदलतो.

आयसीयू ही कल्पनाच मुळात एका साथीतून जन्मली, हे येथे आठवावे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वास बंद पडलेल्या ३१ रुग्णांवर त्या काळच्या श्वसनयंत्रांनी उपचार झाले आणि त्यांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत राहण्याचा मार्ग दाखवला. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस त्या पिशव्या दाबल्या आणि मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. अत्यवस्थ रुग्ण एकत्र ठेवायचे आणि प्रत्येकाजवळ सतत माणूस हवा, ही आयसीयूची मूळ अट तेथे ठरली. यंत्रे मागाहून आली. पुढे आपण यंत्रे वाढवत गेलो आणि माणसांची अट सैल करत गेलो. अत्यवस्थ रुग्ण मात्र एकाच खोलीत राहिले. आयसीयूतल्या साथीचे मूळ या विसंगतीत आहे.

ती कशी पसरते ते जवळून पाहू. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या नळीत कफ साठतो, यंत्र गजर देते. सिस्टर हातमोजे चढवते, सक्शनची नळी आत सोडते, कफ ओढून घेते. त्याच हाताने ती व्हेंटिलेटरचा गजर बंद करते, सलाईनच्या पंपाचे बटण दाबते, रुग्णाची उशी सारखी करते. तेवढ्यात शेजारचा मॉनिटर ओरडू लागतो. तिथे ऑक्सिजन ८२ वर घसरला आहे. ती धावते. मोजे बदलले तर हातांवर द्राव चोळायचे राहते. बदललेच नाहीत तर कफातले जंतू थेट दुसऱ्या नळीवर पोहोचतात. हातमोजा सिस्टरचे रक्षण करतो, पुढच्या रुग्णाचे करत नाही, ही साधी गोष्ट गर्दीच्या पाळीत हरवते. आणि पहिल्या पंपाच्या बटणावर जे राहिले ते राहिलेच. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आलेला डॉक्टर तेच बटण दाबतो.

या सिस्टरला निष्काळजी म्हणणे सोपे आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितले आहेत, आणि अल्कोहोलचा द्राव चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. समजा एका अत्यवस्थ रुग्णामागे तासाला असे १० क्षण येतात. सिस्टरकडे एकच रुग्ण असेल तर तासातली तीन ते पाच मिनिटे गेली, काही बिघडत नाही. तिच्याकडे चार रुग्ण असतील तर ४० वेळा, म्हणजे किमान ८०० सेकंद, तासातली १३ मिनिटांहून अधिक केवळ हात चोळण्यात जातील. ते होणार नाही. सूचनाफलक कितीही लावा, होणार नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका हे प्रमाण सेवाभावाच्या कौतुकासाठी ठरवलेले नाही, त्यामागे हे गणित आहे. साथ आली की नव्या प्रतिजैविकाची मागणी पहिल्या दिवशी होते आणि जादा सिस्टरची मागणी शेवटी, तेही झाली तर. हा क्रम उलटा आहे.

आता मोजणीकडे येऊ. साथ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रुग्ण. पण नेहमीचे किती हेच ठाऊक नसेल तर जास्त कशाला म्हणणार? किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची रेषा माहीत असते म्हणून त्याला उधाण ओळखता येते. आयसीयूसाठी ही रेषा आखायची रीत ठरलेली आहे. समजा १० खाटांच्या विभागात रोज ६ रुग्णांना सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, आहे. महिन्याचे १८० लाइन-दिवस झाले. त्या महिन्यात दोघांच्या रक्तात लाइनमधून संसर्ग शिरला, तर हजार लाइन-दिवसांमागे दर ११ आला. एकच संसर्ग झाला असता तर तो साडेपाच झाला असता, म्हणून लहान विभागाने एका महिन्याच्या आकड्याने घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. तीन-तीन महिन्यांचे आकडे शेजारी ठेवावेत. यासाठी लागते एक वही, रोज ठरलेल्या वेळी खाटांवरून फिरून कोणाला कोणती नळी आहे हे लिहिणारी एक प्रशिक्षित परिचारिका, आणि कल्चर लावणारी प्रयोगशाळा. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जाळ्याने देशातील ५४ रुग्णालयांच्या २०० आयसीयूंमध्ये २०१७ पासून सात वर्षे हेच केले. ९ लाख ७७ हजारांवर लाइन-दिवसांत त्यांना ८,६२९ संसर्ग आढळले, म्हणजे हजारी ८.८३. आणि ही मोजणी करणारी रुग्णालये आहेत. जिथे मोजतच नाहीत तिथला आकडा यापेक्षा कमी असेल असे मानायला काही आधार नाही.

हा आकडा खाली येतो का? येतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी नेमाने पाळायचे ठरवले: हात धुणे, लाइन घालताना अंगभर निर्जंतुक आच्छादन, त्वचेला क्लोरहेक्सिडीन, शक्यतो जांघेची शीर टाळणे, आणि गरज संपताच लाइन काढणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत सरासरी दर दीड वर्षात ७.७ वरून १.४ वर आला होता. त्यावर एक गंभीर आक्षेप आहे. इंग्लंडने तोच प्रयोग केला तेव्हा दर घटले खरे, पण ते आधीपासूनच घटत होते, त्यामुळे श्रेय यादीला किती द्यायचे हा प्रश्न उभा राहिला. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, कारण तो मुद्दा पुढे नेतो. मिशिगनमध्ये यश कशाने आले हे समाजशास्त्रज्ञांनी नंतर तपासले, तेव्हा त्यांना कागदी यादीपेक्षा दोन गोष्टी ठळक दिसल्या. प्रत्येक विभागाला आपला दर दरमहा कळत होता. आणि पायरी चुकली तर लाइन घालणाऱ्या डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला होता. आपल्याकडे यादी भिंतीवर लावणे सोपे आहे. ‘सर, थांबा, ड्रेप बदला’ असे वॉर्डात सर्वांदेखत म्हणणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी विभागप्रमुखाने उभे राहणे, ही खरी सुधारणा. तिला पैसे लागत नाहीत, आणि तरी ती सर्वांत अवघड आहे.

यावर रुग्णालयांतून पहिला आक्षेप येतो तो असा: हे जंतू आमचे नाहीत, रुग्ण ते बाहेरून घेऊन येतात. यात तथ्य आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २००९च्या शेवटच्या महिन्यांत कार्बापेनेम औषधांना न जुमानणारे २४ जिवाणू तपासले, तर त्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडले. हा निबंध मार्च २०१० मध्ये भारतातच छापून आला आणि फारशी खळबळ झाली नाही. ऑगस्टमध्ये परदेशी नियतकालिकाने तेच जनुक गाजवल्यावर मात्र संसदेपर्यंत गदारोळ झाला. दुसऱ्या वर्षी दिल्लीतल्या नळाच्या आणि साचलेल्या पाण्याच्या नमुन्यांतही ते मिळाले. तेव्हा असे जंतू पोटात बाळगणारी माणसे दारातून येणार, हे गृहीतच धरायला हवे. पण ठिणगी बाहेरून आली म्हणून वणव्याची जबाबदारी संपत नाही. अमेरिकेतील बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे स्वतःचे रुग्णालय आहे, पैशाची आणि तज्ज्ञांची कमतरता नसलेले. जून २०११ मध्ये तेथे न्यूयॉर्कहून एक महिला रुग्ण आली. तिच्या अंगी औषधांना दाद न देणारा क्लेबसिएला आहे हे आधीच माहीत होते. तिला वेगळे ठेवले, सगळी खबरदारी घेतली, जुलैमध्ये ती घरीही गेली. तीन आठवड्यांनी, ऑगस्टच्या सुरुवातीला, दुसऱ्या रुग्णात तोच जंतू मिळाला. पुढे एकूण १८ जणांना त्याने गाठले, ११ दगावले, त्यांपैकी ६ मृत्यू थेट त्या संसर्गाचे. जनुकीय क्रम लावल्यावर कळले की सगळी साखळी त्या एकाच रुग्णापासून सुरू झाली होती, आणि मधल्या काळात लक्षणे नसलेल्या रुग्णांच्या अंगावर जंतू मुक्काम करून होता. बेसिनच्या मोरीत तो मिळाला, आणि स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरसुद्धा.

ही साखळी कशी तोडली, ते जिल्हा रुग्णालयांनी लक्षपूर्वक वाचावे असे आहे. जनुकीय क्रमाने मार्ग दाखवला. साथ मात्र जुन्याच उपायांनी थांबली. आजारी दिसोत वा न दिसोत, सर्व रुग्णांचे स्वॅब नेमाने तपासले. बाधितांना वेगळ्या भागात एकत्र ठेवले आणि त्यांच्यासाठी वेगळे कर्मचारी नेमले, जे दुसरीकडे जाणार नाहीत. येणारा-जाणारा प्रत्येक जण हात धुतो की नाही, हे पाहायला चोवीस तास माणसे उभी केली. मोऱ्या काढल्या. जनुकीय क्रम लावणे रत्नागिरीला आज जमणार नाही. बाकीचे बहुतेक जमण्यासारखे आहे. २०२०च्या सुरुवातीला कोविडचे नमुने येथून मिरजेला जात आणि अहवालाची वाट पाहावी लागे. त्याच वर्षी जूनमध्ये रत्नागिरीत प्रयोगशाळा उभी राहिली. आता जिल्हा शासकीय रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालयाची जोड आहे, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग हाताशी आहे. आठवड्यातून एकदा आयसीयूतल्या सर्वांचे स्वॅब आणि संशयित रुग्णाचे कल्चर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, एवढे तरी आग्रहाने मागता येते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे आणि मला त्याचा विचार जास्त वेळ करावासा वाटतो. पुस्तकात लिहिले असते की साथ हाताबाहेर गेली तर विभाग बंद करा, निर्जंतुक करा, मग उघडा. मुंबईत एक आयसीयू बंद झाला तर दुसरा असतो. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांचा हा जिल्हा. २०११च्या जनगणनेत १६ लाखांवर लोकसंख्या. व्हेंटिलेटर मिळतील अशी मोजकी ठिकाणे. कोल्हापूर आंबा घाटाच्या पलीकडे सुमारे १३० किलोमीटर, मुंबई तीनशेहून अधिक. जुलै २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट पुरती ओसरलेली नसताना वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. वीज गेल्यावर तिथल्या एका कोविड रुग्णालयात ८ रुग्ण दगावले. त्याच पावसात आंबा घाटाचा रस्ता खचला. रुग्ण हलवायचे ठरवले तरी हलवायचे कुठून? म्हणून येथे ‘विभाग बंद करा’ हा सल्ला देणे म्हणजे जबाबदारी झटकणे आहे. मधला मार्ग काढावा लागतो: विभागाचे दोन भाग पाडायचे, बाधित एका टोकाला, नवे दाखल होणारे दुसऱ्या टोकाला, दोन्हीकडे सिस्टर वेगळ्या, स्टेथोस्कोप, बीपीचे पट्टे, थर्मामीटर वेगळे, साफसफाईचे पोछेसुद्धा वेगळे, मोकळी झालेली खाट आधी पूर्ण साफ आणि मगच पुढचा रुग्ण. भिंत नसेल तर पडदा आणि जमिनीवर रंगाची रेघ. हे करताना दोन-तीन खाटा कमी होतात हे कबूल. पण उरलेल्या सात खाटा सुरक्षित असणे हे दहा खाटा धोक्यात असण्यापेक्षा जिल्ह्याच्या अधिक कामाचे आहे. आणि घाट चढून जाणाऱ्या रुग्णाच्या रेफर चिठ्ठीवर कोणता जंतू सापडला ते ठळक लिहायलाच हवे. १०८च्या रुग्णवाहिकेतून रुग्णाबरोबर जंतूही प्रवास करतो. ज्यांच्याकडे आपण माणूस सोपवतो त्यांना ते न सांगणे हा अन्याय आहे, आणि परतीच्या वाटेने तोच जंतू आपल्याकडे येऊ शकतो.

सफाईबद्दल थोडे. बहुतेक ठिकाणी हे काम कंत्राटी मावशी-मामांकडे असते. त्यांना प्रशिक्षण सर्वांत कमी आणि पगारही सर्वांत कमी. हायपोक्लोराइटचे पातळ केलेले द्रावण उष्णतेने आणि उजेडाने लवकर निष्प्रभ होते. खिडकीत ठेवलेल्या बादलीतले कालचे द्रावण हे फक्त वासाचे पाणी. कँडिडा ऑरिस या बुरशीसारखा जंतू, ज्याची २००९ साली जपानमध्ये पहिल्यांदा नोंद झाली आणि जो आता भारतातल्या आयसीयूंत घर करून आहे, नेहमीच्या काही जंतुनाशकांना दाद देत नाही. त्याच्यावर ताजे क्लोरीन चालते. द्रावण रोज केव्हा केले याची वेळ बादलीवर लिहिणाऱ्या मावशीचे काम, माझ्या मते, तिसऱ्या पिढीच्या प्रतिजैविकापेक्षा जास्त मोलाचे आहे.

हवेतून पसरणाऱ्या आजारांचे गणित वेगळे आहे. क्षय, गोवर, कांजिण्या, कोविड यांना हातांपेक्षा हवा थांबवते. २०१८ साली केरळात निपाह पसरला तो मोठ्या प्रमाणात रुग्णालयांतच, आणि रुग्णाची शुश्रूषा करताना लागण झालेली परिचारिका लिनी पुथुसेरी त्यात गेली. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात पंचवीसहून अधिक परिचारिकांना कोविड झाल्याने ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावे लागले. लहान शहरांतल्या अनेक आयसीयूंत स्प्लिट एसी असतो. तो बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवतो. ऋण दाबाची खोली बांधणे महाग आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेने नैसर्गिक वायुवीजनाचाही मार्ग मान्य केला आहे. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाच्या रुग्णासाठी सेकंदाला १६० लिटर ताजी हवा हे तिचे माप. समुद्रावरून वारा येणाऱ्या गावात समोरासमोर खिडक्या असलेली एक वेगळी खोली हे माप गाठू शकते. पावसाळ्यात त्या उघड्या ठेवता याव्यात म्हणून वर छज्जा हवा, आणि छताची ओल काढायला हवी. ओलीच्या भिंतीवरची बुरशी दुबळ्या रुग्णाच्या फुप्फुसांत उतरते.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही: मोजले तर आकडा बाहेर जाईल, वर्तमानपत्रात येईल, नातेवाईक तोडफोड करतील. ही भीती खोटी नाही. पण न मोजलेल्या संसर्गानेही माणूस दगावतो, आणि तेव्हा नातेवाईकांना सांगायला डॉक्टरजवळ काहीच नसते. उलट ‘या विभागात संसर्गाचा दर गेल्या तिमाहीत इतका होता, आता इतका आहे’ असे दारावर लिहिणाऱ्या रुग्णालयावर विश्वास बसायला कारण मिळते. शासनाने मात्र एक पथ्य पाळले पाहिजे: जास्त आकडा सांगणाऱ्याला नोटीस आणि शून्य लिहिणाऱ्याला शाबासकी असे झाले, तर सगळीकडे शून्यच येईल. संसर्गासाठी नातेवाईकांकडे बोट दाखवण्याची सवयही सोडावी. सर्दी-तापाच्या माणसाने आत येऊ नये हे बरोबर. पण भाऊ आपल्या एकाच रुग्णाचा हात धरतो, विभागातले कर्मचारी सर्वांचे धरतात.

राहिला पैशाचा प्रश्न. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात पाच लाखांवर लोकसंख्येच्या जिल्ह्यांत क्रिटिकल केअर ब्लॉक बांधण्याची तरतूद आहे. इमारती होतील, खाटा आणि यंत्रे येतील. माझी मागणी एवढीच की प्रत्येक नव्या व्हेंटिलेटरच्या खरेदीच्या कागदावर त्या खाटेसाठी तिन्ही पाळ्यांच्या परिचारिकांची मंजूर पदे लिहिलेली असावीत, आणि ती भरेपर्यंत यंत्र सुरू करू नये. हे कठोर वाटेल. दम लागलेल्या रुग्णासमोर बंद यंत्र ठेवायचे का, असे कोणी विचारील. आणीबाणीत नक्कीच चालू करावे. पण आणीबाणी हीच रोजची रीत झाली, तर तो व्हेंटिलेटर ज्याला आज वाचवतो त्याला पुढच्या आठवड्यात त्याच नळीतून न्यूमोनिया देतो. मुक्काम आठवड्यांनी वाढतो, कोलिस्टिनसारखी शेवटची औषधे लागतात, आणि जनआरोग्य योजनेचे पॅकेज ठरलेले असल्याने वरचा भार रुग्णालयावर नाहीतर घरच्यांच्या गहाण टाकलेल्या दागिन्यांवर पडतो. या खर्चाशी ताडून पाहिले तर संसर्ग नियंत्रणासाठी एक पूर्णवेळ परिचारिका ही आयसीयूतली सर्वांत स्वस्त नेमणूक ठरते. तिला दुसरे कोणतेही काम देऊ नये, निवडणुकीचेही नाही.

पुढच्या आठवड्यात कल्चरच्या अहवालाबद्दल: तो यायला दोन-तीन दिवस का लागतात, आणि त्या दिवसांत डॉक्टरांनी औषध कशाच्या आधारावर निवडावे.